मोटार व ट्रॅक्टर यांचें तेल : डब्यावरचा उतारा वाचा

ज्या शेतकऱ्याला आपल्या सात-बाराच्या उताऱ्यांतील एका अक्षराची चूक चैन पडूं देत नाहीं, तोच शेतकरी आठ-दहा लाख रुपयांच्या ट्रॅक्टरांत ओतावयाच्या तेलाच्या डब्यावर काय लिहिलें आहे हें वाचीत नाहीं, ही गोष्ट आम्हांस मोठी चमत्कारिक वाटते. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत दप्तरें बांधण्यांत व सोडण्यांत गेलें. नांवांतील एका काना-मात्रेसाठीं दहा हेलपाटे घालणारे खातेदार आम्हीं पाहिले आहेत, व त्यांस ते हेलपाटे घालावयास लावल्याचें थोडें पाप आमच्याहि पदरीं आहे. तेच लोक दुकानांत जाऊन ‘एक तेलाचा डबा द्या’ म्हणतात आणि दुकानदार हातीं देईल तो घेऊन येतात. तेल कोणतें, कोणत्या कामाचें, किती मुदतीचें, हें कोणी विचारीत नाहीं. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेचें. परंतु ज्या चुकीची किंमत आपण स्वतः मोजली, तिच्याविषयीं बोलण्यास पदवी लागत नाहीं, असें समजून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम ती चूकच सांगतों. दोन वर्षांपूर्वीं देवळाली प्रवरेच्या आमच्या शिवारांत उसाचा हंगाम ऐन भरांत होता. आमचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस वाहत होता. मागील पेटींतील तेल उतरलेलें दिसलें, म्हणून आम्हीं बाजारांतून ‘नव्वद नंबर’ या नांवानें मिळणारें गिअरचें तेल आणिलें. चालकानें शंका काढिली, तेव्हां मिस्त्री म्हणाला, "भाऊसाहेब, तेल तें तेल. पेटीला काय चव कळती का?" हें बोलणें आम्हांस विनोदाचें वाटलें व पटलेंहि. आठ दिवसांत अवजाराची उचल सकाळच्या थंडींत जड चालूं लागली, आणि ब्रेक दाबतांना मागून घरघर ऐकूं येऊं लागली. हंगामाच्या घाईंत आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. एके पहाटे पाटाच्या पुलावरून उतरतांना भरलेल्या ट्रॉल्यांचा रेटा आला, आणि ब्रेक जसा धरावयास हवा तसा धरीना. चालक जुना व सावध होता. त्यानें ट्रॅक्टर पाटाकडे जाऊं न देतां शेजाऱ्यांच्या उभ्या उसांत घातला. ऊस मोडला, एक ट्रॉली कलंडली, माणूस वांचला. तो दुसऱ्या अंगास वळला असता, तर त्याच्या मुलाबाळांपुढें उभें राहावयास आम्हांस तोंड उरलें नसतें.

त्या दिवशीं आमच्या सूनबाईंनी कपाटांत पिशवीसकट पडून असलेलें ट्रॅक्टरचें इंग्रजी पुस्तक काढिलें, व पान उघडून म्हणाल्या, "मामा, यांत नव्वद नंबर कुठेंच लिहिलेला नाहीं. गिअर, उचल आणि ब्रेक तिन्ही एकाच तेलावर चालतात, तें वेगळंच सांगितलंय." खुलासा असा कीं, हल्लींच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक कोरडे नसून तेलांत बुडालेले असतात. ब्रेकच्या चकत्या ज्या तेलांत फिरतात तेंच तेल गिअरच्या दात्यांस वंगण देतें, तेंच उचलीच्या पंपांतून फिरतें, आणि तेंच ब्रेकची उष्णता वाहून नेतें. अशा सामाईक तेलास ‘यु.टी.टी.ओ.’ या अक्षरांनीं ओळखतात. दात्यांना निसरडेपणा हवा व चकत्यांना पकड हवी. हे दोन परस्परविरुद्ध गुण मापून-जोखून त्या एका तेलांत आणलेले असतात. साधें गिअर तेल दात्यांपुरतेंच पाहतें. तें थंडींत दाट होऊन पंपास ओढवत नाहीं, आणि चकत्यांची पकडहि बिघडवितें. ज्या जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक कोरडे आहेत, त्यांना त्यांच्या पुस्तकांत लिहिलेलें नव्वद नंबरचें तेल योग्यच होय. सारांश, तेल वाईट नव्हतें. निवड वाईट होती, व ती आमची होती.

आपल्या वाडवडिलांस हा विचार नवा नव्हता. बैलगाडीच्या आंखाला वंगण घालावयाचें तें एरंडेल व राख यांचें. तें प्रत्येक गाडीवान स्वतः पाहून घाली. मोटारीच्या तेलाच्या धंद्यांतहि एरंडेलाला एके काळीं मोठा मान होता. चार्ल्स वेकफील्ड यांच्या इंग्लंडांतील कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेल्या आपल्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. भेद इतकाच कीं, गाडीचें वंगण संपलें म्हणजे चाक कुरकुरूं लागे व धन्यास सूचना मिळे. इंजिन बहुधा आधीं कुरकुरत नाहीं. आणि कुरकुरूं लागतें तेव्हां वेळ गेलेली असते.

इंजिनांत तेल नुसतें निसरडेपणा देण्यासाठीं नसतें. फिरता दांडा व त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा एक पातळ पडदा उभा राहतो. त्या पडद्यावर धातु तरंगते, धातूला धातु लागत नाहीं. शिवाय तेंच तेल पिस्टनची उष्णता खालीं आणतें, जळणाची काजळी आपल्या पोटांत धरून ठेवतें, जळणापासून होणारें आम्ल मारतें, आणि रिंगांच्या फटी बुजवून दाब टिकवितें. म्हणून डिझेलच्या इंजिनांत नवें तेल थोड्याच दिवसांत काळें झालें, तर घाबरूं नये. तें आपलें काम करीत आहे असें समजावें. तेल दुधाळ दिसलें तर मात्र त्यांत पाणी शिरलें आहे, व पातळ होऊन त्याची पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन गळत आहे. अशा वेळीं इंजिन सुरू करूं नये. आधीं तपासून घ्यावें.

आतां डब्यावरचा उतारा कसा वाचावा तें सांगतों. सात-बारावर जसे रकाने असतात तसेच यावरहि आहेत.

पहिला रकाना जाडीचा. ‘१५ डब्ल्यू-४०’ असे आंकडे डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात. ही मोजणी अमेरिकेंत १९०५ सालीं स्थापन झालेल्या मोटार-इंजिनियरांच्या संस्थेची. म्हणून त्यापूर्वीं एस.ए.ई. हीं अक्षरें असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. डब्ल्यूच्या अलीकडील आंकडा तेल थंडींत किती सुलभपणें वाहतें तें सांगतो, व पलीकडील आंकडा तेल १०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापल्यावर किती दाट राहतें तें सांगतो. तीस नंबरच्या तेलाची त्या उष्णतेवरील जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, व चाळीसची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेंत असावी लागते. गुऱ्हाळावरील काकवी ज्यानें पाहिली आहे, त्यास हें समजावयास अडचण नाहीं. काकवी कढईंत पाण्यासारखी वाहते, व निवाल्यावर पळीला चिकटून बसते. तेलाचेंहि तसेंच. चांगलें तेल थंड असतां फार घट्ट होत नाहीं व तापलें असतां फार पातळ होत नाहीं.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो, सबब तेल जितकें दाट तितकें बरें. बाहेरचें ऊन कितीहि असलें तरी चालत्या इंजिनांतील पाण्याची उष्णता थर्मोस्टॅट व पंखा हे ठरलेल्या मर्यादेंत ठेवीत असतात. आणि तेलाची जाडी कारखानदारानें त्या हिशेबानेंच ठरविलेली असते. हल्लींच्या कित्येक पेट्रोल मोटारींतील फटी इतक्या बारीक असतात कीं, त्यांना ० डब्ल्यू-२० सारखें पातळ तेलच सांगितलेलें असतें. त्यांत दाट तेल ओतल्यास सकाळीं इंजिन सुरू होतांच तें वरपर्यंत पोंचण्यास उशीर लागतो, आणि झीज नेमकी त्याच वेळीं होते. दुसरा गैरसमज नव्वद नंबराचा. पुष्कळांस वाटतें कीं, गिअरचें नव्वद नंबरचें तेल हें इंजिनाच्या चाळीस नंबरच्या दुपटीहून दाट असतें. वस्तुतः दोन्ही मापें निराळीं आहेत. गिअरच्या मापांतील नव्वदची जाडी १०० अंशांवर १३.५ सेंटिस्टोकपासून सुरू होते, म्हणजे ती इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या जवळपासच येते. एकराचा आंकडा व गुंठ्याचा आंकडा शेजारीं मांडून तुलना करणें जसें वेडेपणाचें, तसेंच हें.

दुसरा रकाना गुणाचा. आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा असतां त्याकडे कोणी पाहत नाहीं. डब्यावर ए.पी.आय. हीं अक्षरें असून त्यांपुढें दोन अक्षरें असतात. पहिलें अक्षर ‘एस’ असल्यास तें तेल पेट्रोलच्या इंजिनाचें, ‘सी’ असल्यास डिझेलच्या इंजिनाचें. पुढील अक्षर वर्णमालेंत जितकें पुढें तितकी कसोटी अलीकडची. उदाहरणार्थ, सी.आय.-४ ही कसोटी २००२ सालची, सी.के.-४ ही २०१६ सालची, व पेट्रोलसाठीं एस.पी. ही २०२० सालची. ज्या जुन्या ट्रॅक्टराच्या पुस्तकांत सी.एफ.-४ लिहिलें आहे, त्यांत सी.आय.-४ घातल्यास चालतें. उलट केल्यास चालत नाहीं. नुसतें ‘एस’ अक्षराचें तेल डिझेलच्या ट्रॅक्टरांत घालणें हें शेळीचें खाद्य बैलापुढें ठेवून त्याच्याकडून नांगरट मागण्यासारखें आहे.

२०२० सालच्या १ एप्रिलपासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज सहा या प्रकारच्या डिझेल मोटारी ज्यांच्या दारांत आहेत, त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. या मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. अडलेली काजळी ठराविक वेळीं जळून जाते. परंतु तेलांतील मसाल्यांची राख जळत नाहीं, ती तेथेंच सांचत राहते. म्हणून अशा मोटारींना कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें व तशी खूण डब्यावर असते. ट्रॅक्टरसाठीं आणलेल्या बादलींतलें उरलेलें तेल मोटारींत ओतून काटकसर करूं गेल्यास ती महागडी गाळणी बदलण्याची पाळी येते.

मोटारीच्या गिअरपेटीविषयींहि असाच विवेक हवा. गिअरच्या तेलावर जी.एल.-४ किंवा जी.एल.-५ अशी खूण असते. पांचाचा आंकडा मोठा म्हणून तें सर्वत्र चांगलें, असें नव्हे. जी.एल.-५ मध्यें गंधक व फॉस्फरस यांचे मसाले अधिक असतात. ते मागील आंखाच्या जड दात्यांना हितकर, पण हातानें बदलावयाच्या गिअरपेटींतील पितळी कड्यांना त्यांच्यापासून अपाय होऊं शकतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींचें तेल तर प्रत्येक जातीला निराळें. तेथें अदमासानें कांहींएक करूं नये. दारांतल्या मोटारसायकलीलाहि मोटारीचें तेल घालूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. त्यास ‘जासो एम.ए.’ अशी खूण असलेलें तेल लागतें, नाहीं तर क्लच घसरतो.

तिसरा रकाना खरेपणाचा. प्रसिद्ध कंपन्यांचे रिकामे डबे गोळा करून त्यांत भलतेंच तेल भरून विकण्याचा धंदा चालतो. म्हणून डब्याचें सील, झांकणावरील कडें, घाणीचा क्रमांक व भरल्याची तारीख पाहावी. पक्की पावती घ्यावी. सुटें तेल कदापि घेऊं नये. आणि आपला डबा रिकामा झाल्यावर त्यास भोंक पाडून मगच तो भंगारांत द्यावा. आपण चांगला डबा भंगारवाल्यास देतों, तोच दुसऱ्याच्या इंजिनाचा काळ होतो.

येथें कोणी म्हणतील, ‘हीं सर्व कंपन्यांच्या लाभाचीं गाणीं आहेत, महाग तेंच चांगलें असें तुम्हांला म्हणावयाचें आहे.’ आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. जाडीचा आंकडा, गुणाचीं अक्षरें व पुस्तकांत मागितलेली मान्यता हीं जुळत असतील, तर तेल कोणत्याहि भरंवशाच्या कंपनीचें चालतें. ट्रॅक्टर-कंपनीचाच डबा घेतला पाहिजे असा कांहीं धर्म नाहीं. मात्र हमीची मुदत आहे तोंपर्यंत पावत्या जपून ठेवाव्या. पंधरा वर्षांच्या ट्रॅक्टरांत अति महाग कृत्रिम तेल ओतणें, किंवा ‘इंजिनाचें टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेणें, हाहि पैशाचा अपव्ययच होय. पण स्वस्ताईचा हिशेबहि पुरता करावा. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरांत सात-आठ लिटर तेल बसतें. लिटरमागें शंभर रुपये वांचले असें धरलें, तरी एका बदलींत सात-आठशें रुपये वांचतात. इंजिन उतरवावें लागलें म्हणजे अशा कित्येक वर्षांची बचत एका दिवसांत जाते, आणि हंगामांतील खाडे निराळेच.

तेलाच्या मुदतीविषयींहि आपण बेफिकीर असतों. ट्रॅक्टरची मुदत तासांवर असते. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत इंजिनाचें तेल २५० तासांनीं बदलावें असें असतें. ऊस-वाहतुकींत ट्रॅक्टर रोज १० तास चालला, तर ती मुदत २५ दिवसांत भरते. आणि आपण मात्र ‘दिवाळीला बदललें आहे, आतां पाडव्याला पाहूं’ म्हणतों. याच्या उलट मोटारीचें. ती वर्षांत तीनच हजार किलोमीटर चालली म्हणून दोन-दोन वर्षें तेंच तेल ठेवणें बरें नव्हे. किलोमीटर व महिने यांपैकीं जें आधीं भरेल तें धरावें. तेलाबरोबर गाळणीहि बदलावी. रोटाव्हेटरच्या धुळींत हवेची गाळणी रोज पाहावी. कारण आंत गेलेली माती चांगल्या तेलाचाहि निकाल लावते. तेलाची पातळी यंत्र सपाट जागीं उभें करून व बंद केल्यावर थोडा वेळ थांबून पाहावी.

जळक्या तेलाविषयीं एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. हें तेल काढून पाटाच्या कडेला ओतणें, गुरांच्या जखमेला लावणें किंवा चुलींत घालणें या चाली आमच्या गांवांत आहेत, इतरत्रहि असतील. त्या तेलांत कर्करोग करूं शकणारीं द्रव्यें व धातूंचे कण असतात. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचें पाणी ज्या कालव्यांनीं आपल्या शेतांत व विहिरींत आणिलें, त्याच पाण्यांत आपण हें विष सोडावें, ही कृतघ्नता होय. सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत असें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे. तें पिंपांत सांठवून परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्यासच दिलें पाहिजे.

आतां आपल्या मंडळीस तीन सूचना नम्रपणें करतों. पहिली : सभासदांकडे जे ट्रॅक्टर व मोटारी आहेत, त्यांच्या पुस्तकांतून इंजिन, गिअर, उचल व ब्रेक यांच्या तेलांचे आंकडे आणि अक्षरें काढून त्यांचा एक मराठी तक्ता मंडळीच्या दुकानांत टांगावा. कंपन्यांकडे मराठी पुस्तकाची मागणीहि मंडळीनें एकमुखानें करावी. मराठी शेतकऱ्यास यंत्र विकतांना त्यास न समजणाऱ्या भाषेंत त्याचें पुस्तक द्यावें, हें न्यायाचें नव्हे. दुसरी : हंगामापूर्वीं सभासदांची मागणी गोळा करून सीलबंद बादल्या एकत्र खरेदी कराव्या, त्यानें दरहि उतरेल व बनावट मालाची भीतीहि जाईल. तिसरी : जळकें तेल गोळा करण्यासाठीं एक पिंप ठेवावें.

आणि प्रत्येक शेतकऱ्यानें स्वतः एक वही घालावी. तींत तारीख, तासांचा अगर किलोमीटरचा आंकडा, तेलाचें नांव, जाडी, अक्षरें व पावतीचा क्रमांक हे सहा रकाने आंखावे. जमिनीची नोंद सरकार ठेवतें, यंत्राची आपणच ठेवली पाहिजे. आमच्या घरीं ती वही आतां सूनबाईंकडे आहे, आणि नोंद झाल्यावांचून डब्याचें झांकण उघडावयाचें नाहीं, असा त्यांचा हुकूम आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणारा हा कारकून तो हुकूम निमूटपणें पाळतो. मिस्त्रीच्या त्या प्रश्नाचेंहि उत्तर आम्हांस मिळालें आहे. पेटीला चव कळते. फक्त तिला बोलतां येत नाहीं, आणि तिच्या वतीनें एखाद्या पहाटे चालकाच्या जिवावर बेततें. तेवढी पहाट कोणाच्याहि घरीं न यावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.